पहिल्या तिरक्या रेघेपर्यंत

“आक्का, तुमी एकदा बघा आन् सांगा. मग मी आंगठा द्यायला मोकळी,” तानुबाई म्हणाली आणि शाळेच्या हॉलमधली साठ-सत्तर माणसं माझ्याकडे वळली.

दिवाण नावाच्या माणसाने आपला टॅब अदबीने माझ्यापुढे धरला. कडक इस्त्रीचा शर्ट, गोड जीभ, आणि भेटेल त्याच्या हातात आपलं कार्ड ठेवून “काही अडलं तर केव्हाही फोन करा” म्हणायची सवय. जिल्ह्याच्या पाणी योजनेत आमच्या गावाचं नाव घालायचं आहे, त्यासाठी घरटी एक ऑनलाइन नोंदणी करायची आहे, असं त्याने अर्धा तास समजावून सांगितलं होतं. दारात नळ येणार होता. माझा धाकटा भाऊ आनंदराव त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसला होता आणि वाक्यावाक्याला मान हलवत होता. सरपंच खरं तर त्याची बायको, कलावती. पण ती खाली सतरंजीवर बायकांच्या घोळक्यात, आणि हा वर खुर्चीवर. आमच्याकडे यात कुणाला काही खटकत नसे, मलाही नाही.

गावाने माझ्याकडे बघायचं कारण सांगते. मी तीस वर्षं रेल्वे डाकसेवेच्या सॉर्टिंग ऑफिसात काढली. लग्न केलं नाही, मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि माहेरच्या घरात एक खोली धरून राहिले. सॉर्टिंगमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात ते हे, की पत्ता खालून वाचायचा. तळाशी जिल्हा आणि पिनकोड, त्याच्या वर तालुका, मग पोस्ट. नाव, घर, गल्ली हे वरचं सगळं पोस्टमनने बघायचं, सॉर्टरने तिकडे नजर टाकली तर रात्रभरात थैल्या संपायच्या नाहीत. मिनिटाला चाळीस पत्रं मी खणात टाकत असे. गावात कुणालाही कसलाही कागद आला की तो आधी माझ्याकडे येई, आणि मी मान डोलावली की मगच पुढे जाई. मला ते आवडायचं. उगाच नाकारत नाही.

तर मी चष्मा चढवला. टॅबच्या वरच्या पट्टीत इंग्रजीत एक लांबलचक ओळ होती. डोळा सवयीने सरळ शेवटाकडे गेला. शेवटी होतं जीओव्ही डॉट आयएन. सरकारी कचेऱ्यांच्या पत्त्याचा शेवट असा असतो हे मला पेन्शनच्या कामामुळे ठाऊक होतं. अलीकडे काय काय लिहिलंय ते मी पाहिलंच नाही. ते घर आणि गल्ली.

“सरकारचंच आहे,” मी म्हणाले. “द्या बिनघोर.”

दिवाणने माझ्याकडे पाहून हात जोडले. तानुबाईने अंगठा दिला, तिच्या सुनेच्या फोनवर आलेला नंबर दिवाणच्या माणसाने टॅबमध्ये घातला. तिच्यामागून बाकीचे उठले. दोन दिवसांत त्र्याण्णव घरांची नोंदणी झाली आणि प्रत्येक जण जाताना मला सांगून गेला, आक्का, बरं झालं तुम्ही होता.

नऊ दिवसांनी मी हयातीचा दाखला द्यायला तालुक्याला गेले. नोव्हेंबर महिना, म्हणजे आम्ही जिवंत आहोत हे सरकारला पटवून द्यायचा हंगाम. बसस्टँडच्या मागे रुबिना मुल्लाचं सेवा केंद्र आहे. तिशीची पोरगी, एका हाताने फोन, दुसऱ्या हाताने संगणक, आणि तोंडाने गिऱ्हाईक सांभाळणारी. माझा अंगठा मशीनवर उमटेना, म्हणून ती मला बोट पुसायला फडकं देत होती. तेवढ्यात मी आपलं सांगितलं, आमच्या गावची पाणी योजनेची नोंदणी मीच तपासून दिली म्हणून.

“कुठल्या योजनेची?” तिने विचारलं. “आमच्याकडं तर असलं काय आलेलं न्हाई, काकू. जिल्ह्याचं काय बी असलं तर आधी आमच्या गळ्यात पडतंय.”

माझ्या फोनवर आनंदरावने गावच्या ग्रुपमध्ये टाकलेली लिंक होती. मी ती दाखवली. रुबिनाने ती उघडली, वरची ओळ वाचली आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

“तुम्ही हे तपासलं? कुठनं वाचलं?”

“शेवटून. पत्ता शेवटूनच वाचतात.”

“बरोबर हाय. पर शेवट कुठं हाय ह्याचा?”

“हा काय. जीओव्ही डॉट आयएन. इथे संपतंय की.”

“ओळ संपत्या तिथं. पत्ता न्हाई संपत.” तिने पेन उलटं धरून स्क्रीनवर टेकवलं. “सुरवातीला ह्या दोन तिरक्या रेघा जोडीनं हाईत, त्या सोडून द्या. त्यांच्यानंतर पहिली एकटी तिरकी रेघ कुठं आली बघा.”

मी बघितलं. ओळीच्या मध्यावरच आली होती.

“पत्ता हितं संपला,” रुबिना म्हणाली. “ह्या रेघेच्या पुढचं सगळं म्हंजे घराच्या आतल्या खोल्या. मालक आपल्या खोलीला वाट्टेल ते नाव देतोय. मी माझ्या मोरीवर ‘कलेक्टर हाफिस’ लिवलं तर मला कोण अडवणार? ह्यांनी खोलीच्या दारावर जीओव्ही डॉट आयएन लिवून ठेवलंय.”

“मग मालक कोण?”

“आता रेघेच्या अलीकडं या. तुम्ही येता तसंच, उलटं. आधी कॉम. त्याच्याआधी शैलवट. हे दोन मिळून मालक. त्याच्याबी आधी ‘जलनोंदणी’ लिवलंय, ती त्यांनीच काढलेली शाखा. नाव पाण्याचं असलं तरी घर शैलवटचं.”

माझे कान तापले. नोकरीला लागले त्या पहिल्या महिन्यात मी असंच शेण खाल्लं होतं. काही लोक पाकिटाच्या डाव्या कोपऱ्यात, अगदी तळाशी, स्वतःचा पत्ता लिहितात. मी खालून वाचायचं म्हणून तोच वाचला आणि जिथून पत्रं आली होती त्याच गावाच्या थैलीत गठ्ठाच्या गठ्ठा परत टाकला. हेड सॉर्टर सगळ्यांसमोर म्हणाला होता, “बाई, खालून वाचा म्हणजे जे खाली दिसेल ते वाचा असं नव्हे.” तेव्हा मी बावीस वर्षांची होते. आता साठी उलटली होती, आणि या खेपेला गठ्ठ्यात त्र्याण्णव घरं होती.

रुबिनाने पहिल्या एकट्या रेघेपुढचं सगळं पुसलं, ‘जलनोंदणी’ही पुसलं आणि बटण दाबलं. शैलवटचा दरवाजा उघडला. पिवळी यंत्रं, मधोमध कापलेला डोंगर, धुळीने पांढरी झालेली झाडं, आणि वर मोठ्या अक्षरांत दगडखाण आणि क्रशर असं.

मग तिने आमचा फॉर्म उघडला. पाच पानं होती. पहिल्या चारांत पाणी, कुटुंबातली माणसं, नळ कुठे हवा. पाचव्यावर बारीक अक्षरांत, गावाच्या वरच्या पठारावर उत्खनन करण्यास आमच्या कुटुंबाची हरकत नाही.

त्या पठारावर आमचा झरा आहे. मे महिन्यात आजूबाजूच्या गावांत टँकर फिरतात तेव्हा आमच्या बायका तिथून घागरी भरतात. खालची विहीर, गुरांचा हौद, सगळं त्याच्या जिवावर. पठार फोडलं की झरा गेला, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. शेजारच्या खोऱ्यात तसं झालेलं आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं.

“काकू, तक्रार करा,” रुबिना म्हणाली. “मी लिवून देते.”

“लिही. पण परवा ग्रामसभा आहे. त्या दिवशी हे कागद पुढे ठेवून सरपंचाची सही घेणार, आता माझ्या लक्षात आलं. तू मला एक काम करून दे. ही वरची ओळ मोठ्यात मोठ्या अक्षरांत छाप. भिंतीवर लावली तर मागच्या माणसाला दिसली पाहिजे.”

तिने सहा कागदांवर ओळ छापली आणि चिकटपट्टीने जोडून दिली. तिची गुंडाळी काखेत मारून मी बसमध्ये बसले, आणि हयातीचा दाखला द्यायचा राहिला तो राहिलाच.

घरी पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. आनंदराव सोप्यात फोनवर बोलत होता. आत कलावती भाकरी थापत होती. त्याचं बोलणं संपेपर्यंत मी उभी राहिले आणि मग एकच विचारलं.

“आनंदा, शैलवट म्हणजे काय हे तुला ठाऊक होतं?”

तो खोटं बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, “व्हय. ठाऊक हुतं.”

“आणि मला पुढे बसवलंस?”

“मी न्हाई बसवलं. तानुबाईनं बसवलं. तुझ्या तोंडनं आलं की गावाला पटतंय, त्याला मी काय करू? आक्का, जरा ध्येनात घे. रस्ता हुणार हाय. धा-वीस पोरं कामाला लागत्यात. पठारावर हाय काय? कुसळं.”

“झरा आहे.”

“टँकर देणार हाईत ते. रोज.”

“टँकर देणाऱ्याने आधी झरा का घ्यावा, हे नाही विचारलंस?”

तो उठला. माझ्यासमोर येऊन आवाज खाली आणून बोलला, आणि तो ओरडला असता तर कमी लागलं असतं. “तू परवा सभेत तोंड उघडणार असशील तर इचार कर. काय सांगणार? मी चुकले म्हणून? तीस वर्षं पत्ते वाचले आन् एक ओळ वाचाय येईना? पुन्ना तुझ्याकडं एक कागद घिऊन कोण यील का? जे झालं ते तुझ्या शब्दावर झालंय. माझ्या न्हाई.”

हे त्याने अचूक मारलं. लहानपणापासून त्याला माझं दुखणं कुठे आहे ते कळतं. रस्त्यात बसमध्ये मी तोच विचार करत होते, की माझं नाव न घेता हे कसं सांगता येईल. दिवाणने फसवलं म्हणावं, तांत्रिक गफलत म्हणावी, कुणीतरी शोधून काढलं म्हणावं. मला लाज वाटत होती आणि ती लाज झाकायला मी जागा शोधत होते. भावाने ती जागा मला आयती काढून दिली तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

“चुकले म्हणून सांगणार,” मी म्हणाले. “पहिलं वाक्य तेच.”

“मग ह्या घरात ऱ्हायचं का न्हाई ते बी ठरव.”

आत भाकरी थापल्याचा आवाज थांबला होता. मी कलावतीकडे पाहिलं. ती चुलीकडे बघत होती. तिने भाकरी उलटली. साडेतीन वर्षं ती सरपंच होती, आणि आनंदराव कागदावर जिथे सांगेल तिथे सही करत होती. तिच्याकडून मी कसलीही आशा धरली नाही, हे कबूल करते.

ग्रामसभेला हॉल भरला होता. दिवाणने त्र्याण्णव छापील फॉर्म फायलीत लावून टेबलावर ठेवले होते, रंगीत फीत बांधून. ग्रामसेवकाने विषयांची यादी वाचली. चौथा विषय होता गावाच्या विकासाबाबत प्राप्त संमतींची नोंद घेणे. नोंद घेणे, इतकं साधं. मी उठले, भिंतीपाशी गेले आणि माझी गुंडाळी चिकटवायला लागले.

“आक्का, विषय सोडून काय चाललंय?” आनंदराव म्हणाला.

“विषयाचंच चाललंय.” ओळ भिंतीवर नीट बसली. मी वळले. “दहा-बारा दिवसांपूर्वी इथे मी म्हणाले की हा पत्ता सरकारचा आहे. तो सरकारचा नाही. मी चुकले. शेवटून वाचायचं मला ठाऊक होतं, पण शेवट कुठे असतो ते ठाऊक नव्हतं. तुम्ही माझ्या शब्दावर अंगठे दिले. ते पाण्याला नाही गेले, पठार फोडायला गेले.”

हॉलमध्ये एकदम सगळे बोलायला लागले. दिवाणने हात वर करून शांत केलं. त्याचा चेहरा आधीइतकाच गोड होता.

“आजींचा गैरसमज झालाय,” तो म्हणाला. “हे टेक्निकल असतं. सरकारची साइट वेगवेगळ्या सर्व्हरवर असते. शेवटी जीओव्ही डॉट आयएन आहे, हे त्यांनी स्वतः वाचलंय. आता वयामुळे थोडं होतं इकडचं तिकडं.”

“मी तुमची आजी नाही,” मी म्हणाले. “पाचव्या पानावर काय लिहिलंय ते वाचून दाखवा.”

“ते मानक कलम असतं. सगळ्या फॉर्मला.”

“मग वाचायला काय हरकत?”

त्याने फाइलीची फीत सोडली नाही. आनंदराव उठून उभा राहिला. “ही माझी सख्खी भन हाय, म्हणून म्या ऐकून घेतलं. धा-बारा दिवसांमागं ती म्हंती सरकारचं, आज म्हंती न्हाई. उद्या काय म्हणंल कुणाला ठाऊक? असल्या बोलण्यावर गावाचा इकास थांबवायचा?”

काही माना हलल्या. का हलू नयेत? त्याचं म्हणणं खरंच होतं. तेवढ्यात तानुबाई उठली. साठ-पासष्टची, विधवा, दोन म्हशींवर घर चालवणारी. सकाळ-संध्याकाळ झऱ्यावर पहिली घागर तिची.

“आक्का,” ती म्हणाली, “मागल्या खेपंला तुमच्या सांगण्यावर आंगठा दिला. आता पुन्ना तुमच्याच सांगण्यावर माघारी घ्यायचा व्हय?”

तिने पदर खोचला आणि आपणच उत्तर दिलं.

“न्हाई. ह्या खेपंला मी तुमचं बी ऐकणार न्हाई. मला वाचाय येत न्हाई, पर डोळं हाईत. मला दावा.”

तिला भिंतीपर्यंत वाट करून दिली गेली. मी कोपऱ्यातली काठी हातात घेतली, पण तिने ती माझ्याकडून काढून घेतली.

“आधी दोन तिरक्या रेघा जोडीनं आहेत,” मी म्हणाले. “त्या शोधा.”

तिने काठी टेकवली. “ह्या.”

“त्या सोडा. पुढे चला. पहिली एकटी तिरकी रेघ दिसेल तिथे थांबा.”

काठी हळूहळू सरकत गेली. हॉलमध्ये लहान मूल रडत होतं, त्याला कुणी तरी बाहेर नेलं. “ही,” तानुबाई म्हणाली.

“तिथे पत्ता संपला. आता मागे या. एक ठिपका ओलांडा, दुसऱ्या ठिपक्यापाशी थांबा. त्या दुसऱ्या ठिपक्यापासून रेघेपर्यंत जे आहे ते मालकाचं नाव.”

तिने काठी भिंतीला टेकवून ठेवली, डाव्या हाताच्या पंजाने अलीकडचं झाकलं, उजव्याने पलीकडचं. मध्ये उरली ती अक्षरं बराच वेळ बघितली. मग कनवटीला हात घालून तिने दिवाणचं कार्ड काढलं, चुरगळलेलं, तंबाखूचा डाग पडलेलं. कार्डावर तळाशी त्याचा ईमेल छापला होता. तिने कार्ड भिंतीवर त्या अक्षरांच्या खाली धरलं आणि एकेक वळण जुळवत गेली, माणूस बी-बियाणं निवडतो तितक्या सावकाश.

“हे आन् हे येकच हाय,” ती म्हणाली. “साहेब, ही जागा तुमची हाय. कलेक्टरची न्हाई.”

दिवाण म्हणाला, कार्डावरचं वेगळं आणि साइटचं वेगळं. पण आता लोक त्याच्याकडे बघत नव्हते. खिशांतून, पिशव्यांतून, फोनच्या कव्हरमधून कार्डं निघत होती. त्याने सगळ्यांना वाटली होती ना. माणसं उठून भिंतीपाशी यायला लागली. कुणी मला विचारलं नाही, कुणी माझ्याकडे पाहिलंही नाही. प्रत्येक जण जोडीच्या रेघा शोधे, एकटी रेघ शोधे, मागे येई, कार्ड लावून बघे आणि बाजूला होई. पुढचा माणूस आधीच्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवत नव्हता, स्वतः पुन्हा पहिल्यापासून करी. मी खिडकीपाशी उभी होते. तीस वर्षांत कमावलेला शब्द माझ्या डोळ्यांदेखत सुटत होता, त्याचं वाईट वाटलं, आणि त्याच वेळी मला इतका आनंद झाला की हसू आवरेना. कधी कधी दोन्ही एकदम होतं, तसं झालं.

बायका उठायला लागल्या तेव्हा त्यांच्यात कलावती होती.

“तू कुठं चाललीस?” आनंदराव म्हणाला. “बस खाली.”

ती भिंतीपाशी गेली. तिला इंग्रजी अक्षरं येत होती, सातवीपर्यंत शिकलेली. तिनेही तसंच केलं, बोट ठेवून. मग सतरंजीकडे न जाता ती टेबलाकडे गेली आणि आनंदरावच्या खुर्चीशेजारी जी खुर्ची सरपंचाची म्हणून साडेतीन वर्षं रिकामी असायची, तिच्यावर बसली.

“ग्रामसेवक, लिवा,” ती म्हणाली. त्या हॉलमध्ये तिने उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. “पाण्याचं नाव सांगून ज्या संमत्या घेतल्या त्या गावाला मान्य न्हाईत. पठार द्यायला गावाची हरकत हाय. खाली सगळ्यांच्या सह्या आन् आंगठे, आत्ता, हितंच.”

ग्रामसेवकाने आनंदरावकडे पाहिलं.

“तिकडं काय बघताय?” कलावती म्हणाली. “सरपंच हितं बसल्यात.”

त्याने लिहिलं. लिहून झाल्यावर कागद तिच्यापुढे सरकवला आणि सहीची जागा दाखवली. तिने कागद उचलला आणि वाचायला सुरुवात केली. एकदा वाचला. पुन्हा वरून वाचला. एका ठिकाणी शब्द लागला नाही, तो तिने ग्रामसेवकाला विचारला. लोक तिष्ठत उभे होते. दिवाण आपली फाइल गोळा करत होता. आनंदराव म्हणाला, किती वेळ?

“वाचत्या,” ती म्हणाली. “थांबा.”

याला आता आठ वर्षं झाली. पुढे तक्रारी झाल्या, रुबिनाने लिहून दिलेली माझी तक्रार त्यांत पहिली. जिल्ह्याहून माणसं आली, चौकशी झाली, त्यात कागदांचा ढीग आणि हेलपाटे पुष्कळ. शैलवटने आमच्या पठाराचा नाद सोडला. आमच्या गावात आता कुणी कसलीही लिंक पाठवली तरी लोक ती माझ्याकडे आणत नाहीत, स्वतः रेघा मोजतात. मध्यंतरी मी तानुबाईला एक कागद खरा आहे असं सांगितलं तर ती म्हणाली, असंल, मी बघते. पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी त्या हॉलमध्ये मला एवढंच दिसत होतं की कलावतीने पेन उघडलं आहे आणि माझा भाऊ तिच्या खुर्चीवर वाकला आहे.

“सही करून घरी ये,” तो दात आवळून म्हणाला. “मग बघतो तुझ्याकडं. आन् हिच्याकडं बी.”

कलावतीने वर पाहिलं नाही.

“येते,” ती म्हणाली. “वन्संना घिऊनच येते.”

आणि तिने आपलं पूर्ण नाव लिहून सही केली.